पाणी बघून घर घेणाऱ्याला हसू नका

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

पत्र लांबलंय, काटछाट केलीत तरी चालेल, फक्त मुळा-मुठेबद्दल जे लिहिलंय तेवढं ठेवा ही विनंती.

माझा मुलगा मासे पकडायला मिळावेत म्हणून अमेरिकेत एक राज्य सोडून दुसऱ्या राज्यात राहायला गेला. हे मी दोन वर्षं कुणासमोर सरळ बोललो नव्हतो. सोसायटीच्या कट्ट्यावर कुणी विचारलं की कॅलिफोर्नियातून टेक्सासला का गेला हो, तर मी सांगायचो टॅक्स वाचतो, ऑफिसने घरून काम दिलंय, घर मोठं मिळालं. हे सगळं खरंच आहे पण आधी मासे आणि मग बाकीचं. एकदा खरं बोललो तर हशा झाला, एक जण म्हणाला एवढं शिकवलंत आणि पोरगं शेवटी गळ टाकत बसलं. ते फार लागलं मला. यंदा मार्चमध्ये आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे राहून आलो, सगळं डोळ्यांनी बघितलं, आणि आता मला वाटतं की हसणाऱ्यांना उत्तर द्यायला हवं.

पैशाचं आधी सांगतो कारण पुणेकर पहिलं तेच विचारतो. सॅन होजेला दोघं नवरा-बायको नोकरी करायचे तरी दोन बेडरूमचं भाडं, पोरीचं पाळणाघर आणि टॅक्स यातच पगार संपायचा. कॅलिफोर्नियात राज्याचा वेगळा इन्कम टॅक्स आहे, वरचा स्लॅब १३.३ टक्क्यांपर्यंत जातो, टेक्सासमध्ये पगारावर राज्याचा इन्कम टॅक्सच नाही. पण तिथली घरपट्टी बघून मी हबकलो, आपल्याकडे वर्षाची जी भरतो तेवढी तिथं महिन्याला पण पुरत नाही, शिवाय उन्हाळा आपल्या विदर्भासारखा आणि २०२१ च्या फेब्रुवारीत थंडीने राज्यातल्या लाखो घरांची वीज गेली होती ते सगळ्यांनी बातम्यांत बघितलंच असेल. म्हणजे तिकडे सगळं स्वस्त आणि मस्त असं मी अजिबात म्हणत नाही. हिशोब मांडला तर महिन्याला बऱ्यापैकी शिल्लक राहते, स्वतःचं घर झालं, आणि शनिवारी पहाटे निघालं की तासाभरात लेक फोर्क नावाच्या तलावावर, मासे पकडायला. मुलाने तेच म्हणलं मला, बाबा कॅलिफोर्नियात बास नावाचा मासा नाही असं नाही, तिथल्या क्लिअर लेक तलावात भरपूर आहे, पण सॅन होजेहून जायला तीन-साडेतीन तास आणि परत यायला ट्रॅफिक, वर्षात चारदा सुद्धा जाणं होत नव्हतं.

बास म्हणजे काय ते इथं बऱ्याच जणांना माहीत नसेल. आपल्या मरळीच्या स्वभावाचा मासा समजा, गवतात नाहीतर बुडालेल्या लाकडाआड दबा धरून बसणारा, हिरवट अंगाचा, जबडा हा एवढा. तिथं त्याचं वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखं आहे. जगातला सगळ्यात मोठा १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरी नावाच्या शेतकऱ्याने पकडला, २२ पौंड ४ औंस, म्हणजे दहा किलोच्या वर, आणि मंदीचे दिवस होते म्हणून घरी नेऊन खाल्ला. त्यानंतर ७७ वर्षांनी, २००९ साली, जपानमध्ये बिवा तलावात त्याच्या बरोबरीचा मिळाला.

आता लेक फोर्क. डॅलसच्या पूर्वेला शंभरेक किलोमीटरवर धरणाचं पाणी आहे, नैसर्गिक तलाव नाही, आपल्या पानशेतसारखंच माणसाने अडवलेलं, १९८० साली बांधून झालेलं. धरण भरायच्या आधीच तिथं फ्लोरिडा जातीचे बास सोडून ठेवले होते आणि झाडं मुद्दाम तोडली नाहीत. त्यामुळे आजही पाण्यातून वाळलेले बुंधे उभे दिसतात. पहाटे धुकं होतं, मुलाने होडीची मोटर बंद केली आणि त्या बुंध्यांमधून आम्ही सरकत होतो तेव्हा मला पवना धरण आठवलं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वाघेश्वराचं देऊळ असंच वर येतं.

नातीच्या गळाला मासा लागला. नऊ वर्षांची आहे. रबराचं जांभळं गांडूळ होतं हुकाला, दोरी एकदम ताणली आणि मासा पाण्याबाहेर अर्धा येऊन डोकं झटकायला लागला, तिने काही काठी सोडली नाही. मुलाने त्याचा खालचा जबडा अंगठ्याने धरून वर घेतला आणि मलाही धरायला लावला. मी ३६ वर्षं टूलरूममध्ये काढली, बोटांना खरखर लगेच कळते, त्याचे दात अगदी बारीक एमरी पेपरसारखे आहेत, मुलाच्या अंगठ्याचं कातडं त्यानेच घासून जाड झालंय. मग मोजपट्टीच्या फळीवर ठेवला, १९ इंच भरला. आणि लगेच पाण्यात सोडून दिला. मी म्हणलं अरे एवढा चांगला मासा, तर मुलगा म्हणाला १६ ते २४ इंचातला एकही ठेवायचा नाही, नियम आहे, त्याच्याहून लहान चालतो आणि दिवसाला पाचच, त्यात २४ च्या वरचा फक्त एक. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं, बघायला कुणी नव्हतं, तरी नातीने तो मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरला, कल्ले हलायला लागेपर्यंत थांबली आणि मग सोडला. हे मी विसरू शकत नाही.

मला टूलरूमवाल्याला हा नियम फार आवडला कारण त्याच्यामागे नीट विचार आहे. मधल्या मापाचे मासे जगले तर तेच मोठे होतात, त्यांचीच पिल्लं पुढे वाढतात. १९८६ पासून तिथं एक योजना आहे, हल्ली तिच्यात जानेवारी ते मार्चमध्ये कुणाला १३ पौंडांचा किंवा त्याहून मोठा बास मिळाला तर तो सरकारच्या अथेन्स गावच्या हॅचरीला देता येतो, ते त्याची पैदास करतात आणि पिल्लं तलावांत सोडतात. राज्याचा रेकॉर्डचा मासा सव्वाआठ किलोचा, तो लेक फोर्कलाच १९९२ साली मिळाला. शिवाय बास तिकडे बाजारात विकता येत नाही, जाळं लावता येत नाही, फक्त काठी आणि दोरी.

आणि लायसन्स. टेक्सासच्या रहिवाशाला गोड्या पाण्याचं वर्षाचं ३० डॉलर, १७ वर्षांखालच्या पोरांना लागतच नाही, पण रहिवासी म्हणवून घ्यायला तिथं सलग सहा महिने राहावं लागतं, तोपर्यंत बाहेरच्याचे जास्त पैसे. मलाही एका दिवसाचं काढावं लागलं. याच्याहून महत्त्वाची गोष्ट मुलाने दाखवली. अमेरिकेत १९५० पासून कायदा आहे की गळ, काठी, रीळ अशा बहुतेक सामानावर १० टक्क्यांपर्यंत कर, आणि त्या पैशातला मोठा वाटा राज्यांच्या मत्स्य खात्यांना मिळतो. वाटणी कशी, तर राज्याचं क्षेत्रफळ किती आणि किती जणांनी लायसन्स काढलंय यावरून. म्हणजे गळ टाकणारा माणूस जितका जास्त तितका पाण्याला पैसा जास्त. पाणी चांगलं म्हणून माणसं येतात, माणसं येतात म्हणून हॉटेलं चालतात, होड्या दुरुस्त करणारे चालतात, गाईड जगतात. माझा मुलगा पण अशा पाण्यासाठी आलेल्यांतलाच एक, त्याने तर तिथं घरच घेतलं.

इथं मला आपल्या पुण्याचं बोलायचंय आणि खरं पत्र इथून सुरू होतं.

आम्ही नारायण पेठेत राहायचो. वडील रविवारी सायकलवर पुढे मला बसवून खडकवासल्याला न्यायचे, बांबूची काठी दांडीला बांधलेली, डब्यात हिंग घालून मळलेली कणिक. मोरपिसाची काडी पाण्यावर उभी राहायची आणि ती बुडाली की वडील फक्त भुवई उचलायचे, बोलायचे नाहीत. कधी ओंकारेश्वराच्या खाली नदीतही बसायचो. १९६८-७० च्या सुमाराचं सांगतोय, पानशेत फुटून सात-आठ वर्षं झाली होती आणि नदीला मासा होता, पाणी ओंजळीत घेता यायचं. आज त्याच घाटावर मी नाकाला रुमाल लावून उभा राहतो.

ज्या माशासाठी परदेशातली माणसं कावेरीपर्यंत, हिमालयापर्यंत येतात तो महसीर आपला आहे हो. कर्नल साईक्स नावाच्या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांवर लिहिलं, त्यात आपल्या महसीरचं पहिलं शास्त्रीय वर्णन आहे, आजचं शास्त्रीय नाव टॉर खुद्री, आणि नमुना कुठला तर पुण्याच्या पूर्वेच्या मुळा-मुठेचा. जगातल्या शास्त्राच्या पुस्तकात या माशाचा पत्ता म्हणून आपली नदी लिहिलेली आहे. आणि आज त्या पत्त्यावर काय आहे, फेस आणि जलपर्णी. देहूला इंद्रायणीच्या डोहात लोकांनी तुकोबांचे मासे म्हणून ते शेकडो वर्षं जपले, तिथंही मासे मरून तरंगल्याच्या बातम्या अधूनमधून आपल्याच पेपरात वाचतो. त्यातल्या त्यात बरं म्हणजे लोणावळ्याला वळवणच्या हॅचरीत टाटा पॉवर बऱ्याच दशकांपासून महसीरची पैदास करतंय, लाखोंनी पिल्लं तयार झाली आणि देशभर गेली. त्याचीही एक दुसरी बाजू आहे, आपला हा महसीर कावेरीत सोडला आणि तिथला मूळचा कुबड असलेला महसीर मागे पडला, आज तो नामशेष व्हायच्या बेताला आलाय. म्हणून कुणी माझं पत्र वाचून बास इथं आणून सोडा म्हणेल तर कृपा करून नको, १९५२ साली परदेशातून तिलापी आणली ती आज जिकडेतिकडे तळ्यांत आहे, आफ्रिकन मांगूरचं काय झालं ते आपण बघतोच आहोत. ज्या नदीचा मासा त्याच नदीत वाढवावा.

माझी मागणी साधी आहे. पानशेत, पवना, मुळशी, भामा आसखेड, यांच्या काठावर ठराविक जागा गळवाल्यांसाठी ठेवा, वर्षाचं लायसन्स द्या, मी ५०० रुपये काय हजार द्यायला तयार आहे आणि माझ्यासारखे पुण्यात खूप निघतील. महसीर मिळाला तर मोजायचा आणि सोडायचा असा नियम करा. तो पैसा हॅचरीला आणि नदीला जाऊ दे, दुसऱ्या कुठल्या खात्यात वळता नको. धरणातली मासेमारी ठेक्याने सहकारी संस्थांना दिलेली असते, त्या लोकांच्या पोटावर पाय द्यायचा नाहीये, उलट होडी त्यांची, गाईड ते, पाण्याची माहिती त्यांच्याइतकी कुणाला आहे? जाळ्यात सापडलेल्या माशाला किलोवर भाव मिळतो, तोच मासा बघायला आणि गळाला लावायला आलेला माणूस दिवसाचं भाडं देऊन जाईल आणि मासा पाण्यातच राहील.

आत्ता काय होतं तर एका धरणाच्या काठी मी मागच्या वर्षी काठी घेऊन गुपचूप बसलो होतो, सुरक्षारक्षकाने येऊन उठवलं. त्याचं काही चुकलं नाही, त्याला तसं सांगितलेलं. मी विचारलं परवानगी कुठं मिळते, तर तो म्हणाला ऑफिसात विचारा, ऑफिसात गेलो तर म्हणाले आमच्याकडे नाही दुसरीकडे, दुसरीकडे म्हणाले असं काही लायसन्सच नाही. आणि त्याच काठावर त्याच वेळी दहा-बारा जण दारूच्या बाटल्या फोडत होते, त्यांना कुणी उठवलं नाही. गळ टाकणारा माणूस पाण्याकडे तासनतास बघत असतो, कुठून घाण येतेय, कुठं फेस आलाय, हे त्याला सगळ्यात आधी कळतं, असा माणूस काठावरून हाकलून काय मिळवलं आपण?

मुलाला मी तिथून निघताना विचारलं होतं, परत यायचा विचार आहे का. तो म्हणाला बाबा पुण्यात घरं सॅन होजेसारखी महाग झालीयेत आणि नदी तर नाहीच, मग कशाला येऊ. मला राग आला नाही, उत्तर सुचलं नाही एवढंच.

दिवाळीत ते सगळे येतायत. नातीने फोनवर विचारून ठेवलंय की आजोबा तुमच्या नदीतला मासा कुठला, मला दाखवा. वळवणची हॅचरी बघायला परवानगी मिळते का म्हणून अर्ज केलाय, उत्तर यायचंय. वडिलांची काठी माळ्यावरून काढली, एक पेर तडकलंय तिथं दोरा गुंडाळून फेविकॉल लावलाय, हुक नवे आणलेत. ती काठी घेऊन तिला कुठं बसवू, हे संबंधित खात्याने आपल्या पेपरातून सांगितलं तरी चालेल.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार, सिंहगड रोड, पुणे