ईएलसीबी उगाच पडत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गणपतीला आठ दिवस गावी जाऊन परतलो आणि दार उघडताच वासानेच कळलं, फ्रिज बंद पडलाय. तुपासाठी पंधरा दिवस साठवलेली साय गेली, बाकीचं सांगत नाही. शेजारी दिवे लागलेले, आमच्याच बोर्डातला ईएलसीबी (करंट कुठे गळला तर घराचा पुरवठा तोडणारा खटका) खाली आलेला. वर करावा तर पाच-दहा मिनिटं राही आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की फट्‌!

संशय अर्थातच फ्रिजवर. मेकॅनिक आला, फ्रिज ठणठणीत आहे म्हणाला आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. मग वायरमन आला. "काका, ईएलसीबीच गेलाय. तो काढून डायरेक्ट करून देतो, परत कटकट नाही. तुमच्या बिल्डिंगमध्ये दोघांकडे केलंय." खरं सांगतो, मी हो म्हणणारच होतो. सौ.नी विचारलं, "पण मग तो लावलाय कशाला?" याचं उत्तर ना त्याच्याकडे होतं, ना माझ्याकडे.

ते मिळालं दुसऱ्या, साठीच्या वायरमनकडून. त्यांनी घरातली बटणं बंद केली नाहीत, सगळ्या पिना सॉकेटमधून उपटल्या. मग एकेक पीन लावत गेले. फ्रिज लावला, काही नाही. गिझरची पीन खोचली, बटण बंदच होतं. कॉम्प्रेसर सुरू झाला आणि खटका पडला. चोर सापडला तो आठ दिवस बंद असलेला गिझर! साधं बटण फक्त फेज (करंट आणणारी तार) तोडतं, न्यूट्रल (परतीची तार) जोडलेलाच राहतो. आमच्या बारा वर्षं जुन्या गिझरच्या एलिमेंटला चीर जाऊन आत पाणी शिरलं होतं. त्यामुळे फ्रिजचा परतीचा करंट थोडा न्यूट्रलमधून आणि थोडा गिझरमार्गे अर्थिंगमध्ये जात होता. ईएलसीबीचं (हल्ली जो बसवतात तो खरं तर आरसीसीबी, पण ते नाव काही तोंडी बसलेलं नाही) काम एवढंच, की गेलेला करंट तेवढाच परत आला का, हे पाहायचं. घरगुती साधनात 30 मिलिअँपिअरचा फरक पडला की 0.3 सेकंदाच्या आत तो पुरवठा तोडतो. मानकानुसार तो 15 मिलिअँपिअरच्या पुढे कधीही पडू शकतो.

एमसीबी (वायरला न झेपणारा करंट गेला की पडणारा खटका) आहे ना, मग हा कशाला, असं पुष्कळ जण म्हणतात. एमसीबी वायर वाचवतो, माणूस नाही. 16 अँपिअरच्या एमसीबीला अंगातून जाणाऱ्या 50 मिलिअँपिअरचा पत्ताही लागत नाही, आणि तेवढा करंट जिवावर बेतू शकतो.

प्रत्येक वेळी एखादं यंत्र बिघडलेलंच असतं असंही नाही. वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, इन्व्हर्टर एसी यांच्या आतल्या विजेच्या फिल्टरमधून थोडी गळती कायमच असते. ती एकट्याची नगण्य. पण सगळ्यांची बेरीज 15 च्या जवळ गेली की पावसाळ्यातली जराशी ओलही पुरते. घरच्या इन्व्हर्टरचा न्यूट्रल चुकीच्या ठिकाणी जोडला, तरी हाच खेळ. पण अख्ख्या फ्लॅटला मिळून एकच ईएलसीबी बसवण्याची बिल्डरांची काटकसर मला समजत नाही. बाथरूमला वेगळा आणि फ्रिजला वेगळा असता, न्यूट्रलही वेगवेगळे ठेवले असते, तर गिझरपायी आमची साय नासली नसती.

एलिमेंट बदलल्यापासून खटका एकदाही पडलेला नाही. दर महिन्याला त्यावरचं 'टी' लिहिलेलं बटण दाबून पाहतो, तेव्हा मात्र तो पडतो आणि बरं वाटतं. त्या दोन 'डायरेक्ट' घरांपैकी एक आमच्या वरच्या मजल्यावर निघालं. त्यांच्याकडे लहान मुलं आहेत आणि गिझर आमच्याहून जुना आहे. सगळ्या घरांचे बोर्ड तपासून घ्यावेत, असं पत्र मी सोसायटीला दिलंय. येत्या सभेत विषय क्रमांक सात, पार्किंगनंतर.

— एक वाचक, डोंबिवली (पूर्व)