आई-बाबा, या वेळी तुम्हीच सोलापूरला या

ती. आई-बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं, पण आईचा आवाज ऐकला की शब्दच फुटेना. म्हणून लिहितेय. बाळंतपणाला मी मंगळवेढ्याला येत नाही. इथंच, सोलापुरात करायचं ठरलंय. दवाखान्यात नावही घातलं.

आई, लगेच डोळ्याला पदर लावू नकोस, पुढचं वाच. मधल्या खोलीला चुना दिलास, नवी बाज विणून घेतलीस, मला सगळं कळलंय. ओटी भरताना तू "आता पुढच्या महिन्यात घरी" म्हणालीस, तेव्हा मी मनापासून मान हलवली होती. तेव्हा साखर नुसत्या पथ्यावर आटोक्यात होती. आता ३४वा आठवडा लागलाय आणि गेले पंधरा दिवस इन्सुलिन चालू आहे. हे तुम्हाला सांगितलं नाही, चुकलंच माझं. त्यानं बाळाला काही होत नाही, डॉक्टरांना तीनदा विचारलंय. पण अशा बाळाची साखर जन्मल्यावर पहिल्या काही तासांत एकदम उतरू शकते. तासाभरात अंगावर पाजायचं, टाचेतून थेंबभर रक्त काढून साखर बघत राहायची, गरज पडली तर काचेत ठेवायचं. हे सगळं एकाच ठिकाणी असलेलं बरं. कळा सुरू झाल्यावर रात्री पन्नास-पंचावन्न किलोमीटर गाडी हाणत यायचं, ते नको. आक्काच्या वेळचं मी काढत नाही. पण बाबा, त्यानंतर तुम्ही किती वर्षं जीपचा आवाज आला की उठून बसायचा, ते मला आठवतं.

माहेर नको असं नाही हो. माहेरच इकडं यावं असं वाटतं. तुम्ही दोघंही या, बारसं होईपर्यंत तरी राहा. लेकीच्या घरी राहायचं नाही हे बाबांचं म्हणणं मला ठाऊक आहे. पण सासूबाई स्वतः म्हणाल्या, विहीणबाई आल्या तर मलाच धीर येईल. त्या तुम्हाला फोन करणारच आहेत.

बाबांसाठी खालचीच खोली ठेवलीय, जिना नाही. संडास खुर्चीचा आहे, शेजारी धरायला दांडी लावून घेतली. पलंग थोडा उंच केलाय, उठताना गुडघ्याला ताण नको. कूलर आहे. पाणी चार-पाच दिवसांआड येतं, पण टाकी मोठी आहे, आंघोळीला कमी पडायचं नाही. सकाळी पेपर दारात येतो. दामाजीच्या देवळातलं भजन इथं नाही, पण सोमवारी हे तुम्हाला सिद्धेश्वराला नेतील, तळ्याकाठी बसा थोडा वेळ. आई, गॅसवरची भाकरी तुला रुचत नाही, म्हणून लोखंडी तवा काढून ठेवलाय. पीठ मात्र आपल्या मालदांडीचंच आण, मलाही तीच भाकरी चालते.

रात्री झोप लागत नाही. डाव्या कुशीवर पडून बाळाचं हलणं मोजते. दोन तासांत दहा वेळा हलायला पाहिजे, आपलं अर्ध्या तासातच हलतं. तेव्हा विंचू चावलेली ती रात्र आठवते. बाबांनी मला खांद्यावर टाकलं होतं, आणि तू मागून माझा पाय धरून चालत होतीस, सोडतच नव्हतीस. मला अजून तसंच कुणीतरी पाय धरून चालावं असं वाटतं.

आता जरा ऐका. बाबा, छातीच्या गोळ्या महिनाभराच्या बरोबर घ्या, आणि बरं वाटतंय म्हणून एकही सोडू नका. पाळण्यासाठी माळ्यावर कुणी चढायचं नाही, हे शनिवारी गाडी घेऊन येतील ते उतरवतील. आई, तू डोळे तपासून घे, पुढं ढकलू नकोस. डिंकाचे लाडू आत्ता करू नकोस, माझी साखर बघून नंतर तुझ्याच हातचे खाईन. बाळाला मध, गुटी, काजळ काही नाही. पहिला चीक पिळून टाकायचा नाही, आणि सहा महिने पाणीसुद्धा नाही. कोळशाची शेगडी बंद खोलीत नको, त्या धुरानं जीव गुदमरतो, शिवाय मे महिन्यातलं सोलापूर तुम्हाला माहीतच आहे. तुझं काही चुकलं म्हणून नाही गं सांगत. तुझ्या हाताखालीच आम्ही वाढलो. मालिश तूच करायची, पहिली आंघोळ तूच घालायची, ते मी दुसऱ्या कुणाला देणार नाही.

झबली, टोपडी चाटी गल्लीतून थोडीच आणलीत. दुपट्यांना तुझी जुनी सुती पातळं हवीत, धुऊन मऊ झालेली. ते जांभळं असेल तर तेही.

शनिवारी नऊच्या आत तयार राहा, उन्हं चढायच्या आधी निघायचंय.

तुमची,
चिमी

ता. क. बाबा, आजीची वाकळ ट्रंकेत तळाशी आहे. आईला वाकू देऊ नका, तुम्हीही वाकू नका. हे आल्यावर काढतील.