रेफर करा, पण आधी इंजेक्शन द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सरकारी दवाखान्यातून पेशंटला मोठ्या हॉस्पिटलात रेफर करण्याबद्दल तक्रार नाही हे आधीच लिहितो. कोकणात सगळीकडे न्यूरोसर्जन बसणार नाहीत हे आम्हालाही कळतं. तक्रार आहे ती काहीही न करता नुसती चिठ्ठी हातात देण्याबद्दल.

मागच्या भातकापणीत आमच्या वाडीतल्या एका काकूंना फुरसं चावलं. रिक्षात घालून जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं, सापाच्या विषावरची लस फ्रीजमध्ये होती, सिस्टर स्वतः म्हणाल्या आहे म्हणून, पण ड्युटीवरच्या डॉक्टरांनी सलाईन लावून रेफर केलं. मग १०८ ची वाट बघा, मग हायवेची डायव्हर्जनं, मोठ्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत काकूंच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलेलं. वाचल्या, पण नशिबाने.

फुरशाच्या विषाने रक्त गोठायचं थांबतं, आणि ते बघायला मशीनही लागत नाही. स्वच्छ कोरड्या काचेच्या नळीत थोडं रक्त घ्यायचं, २० मिनिटं न हलवता ठेवायचं, नळी तिरकी केल्यावर रक्त पाण्यासारखं वाहिलं तर लस चालू करायची. नाग, मण्यार, घोणस, फुरसं चौघांना लस एकच, त्यामुळे साप मारून बाटलीत घालून आणायची आपल्या लोकांची जी धडपड असते ती पण फुकटचीच (आणि त्यात अजून एकाला चावायचा).

डॉक्टर लस का टाळतात तेही बघायला हवं. रिॲक्शन येऊ शकते, ॲड्रेनॅलिन भरून तयार ठेवावं लागतं, आत एकटा डॉक्टर आणि बाहेर अख्खी वाडी जमलेली. २०१० चा हल्लाविरोधी कायदा आहे म्हणे, पण काच फुटायची ती फुटतेच. म्हणून रेफर सेफ वाटतं, पेशंटला नाही, डॉक्टरला. पण ह्याच कोकणात, महाडला, डॉ. हिंमतराव बावस्करांनी लाल विंचवाच्या पेशंटना प्राझोसिनची साधी गोळी देऊन वाचवलं, २०२२ ला पद्मश्री मिळाली त्यांना.

हार्ट अटॅकचं तेच. ईसीजीत अटॅक दिसला आणि अँजिओप्लास्टी दोन तासांच्या आत होण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन तिथेच द्यायचं असतं, मग पुढे पाठवायचं. आपल्याकडे कोल्हापूर म्हणजे घाट चढून आणि बांबोळीचं मेडिकल कॉलेज म्हणजे गोव्यात, पावसात तर विचारूच नका. तरी कॅज्युअल्टीत आधी केसपेपर, आधार कार्ड, अपघात असेल तर पोलीस केस. सुप्रीम कोर्टाने १९८९ लाच परमानंद कटारा केसमध्ये सांगितलंय की आधी जीव वाचवा, कागद नंतर, आणि ते सरकारी-खाजगी सगळ्या डॉक्टरांना लागू आहे.

माझी मागणी एवढीच की रेफरच्या चिठ्ठीवर काय दिलं, किती वाजता दिलं, दिलं नसेल तर का नाही, हे लिहिणं सक्तीचं करा, आणि पुढच्या हॉस्पिटलला फोन करून बेड आहे का ते डॉक्टरांनीच विचारावं. आज हा फोन रिक्षावाला नाहीतर गावचा सरपंच करतो. जिल्हा शल्यचिकित्सकांनी एक परिपत्रक काढलं तरी होण्यासारखं आहे, त्याला नवीन बिल्डिंग लागत नाही.

आपला,
एक वाचक, ता. राजापूर