रोजची पाच मिनिटं

मिसिसागा, कॅनडा
१५ फेब्रुवारी

ति. बाबांना सा. न. वि. वि.

परवा तुम्ही म्हणालात, "गाडी वर्षात बाराशे किलोमीटरपण चालली नाही, ऑइल कशाला बदलायचं?" तेवढ्यात आईने फोन घेतला आणि विषय राहिला. म्हणून लिहितोय.

गेल्या शनिवारी उणे चौदाच्या थंडीत मी माझ्या गाडीचं बॉनेट उघडलं. ऑइल भरायचं टोपण काढलं, तर आतून पिवळट-पांढरा लगदा, ताक करताना रवीला लोणी चिकटतं तसा. पोटात गोळाच आला. हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनच्या दोन भागांमधलं सील, जाऊन कूलंट (इंजिन थंड ठेवणारं पाणी) ऑइलमध्ये उतरलं तरी असंच दिसतं. पण कूलंटची पातळी जिथल्या तिथे होती, डिपस्टिकवरचं, म्हणजे ऑइल तपासायच्या पट्टीवरचं, ऑइलही ठीक. गॅरेजवाल्याने एकच विचारलं, "रोज किती चालवता?"

काम घरूनच, त्यामुळे मीही तुमच्यासारखंच करत होतो. पाच मिनिटं जागेवर चालू करायची नि बंद. पेट्रोल जळताना पाणी तयार होतं. इंजिन नीट तापलं की ते वाफ होऊन निघून जातं, पण पाच मिनिटांत कसलं तापतंय! मग ते आतच थंड होऊन ऑइलमध्ये मिसळतं. काळजी म्हणून आपण दोघं आपापल्या गाडीला रोज पाणी पाजत होतो. तेव्हा किलोमीटरचा काटा काहीही दाखवो, ऑइल वर्षातून एकदा बदलायचंच.

ब्रेक ऑइल तर गाडी नुसती उभी असली तरी हवेतली ओल धरतं. नवं डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल धरलेलं १५५ च्या आसपासही उकळू शकतं. घाट उतरताना ब्रेक तापले, आत बुडबुडे झाले, की पेडल थेट तळाला जातं. दर दोन वर्षांनी बदलतात. तुम्ही शेवटचं बदललं ते ताईच्या लग्नाआधी!

आणि कूलंटच्या डब्यात बोअरचं पाणी ओतू नका हो. इथे निम्मं कूलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी घातलं की उणे पस्तीसलाही गोठत नाही. साताऱ्यात गोठायची भीती नाही, पण गंज आणि क्षार आहेतच.

हे सगळं झालं की सकाळची पाच मिनिटं बंद करा आणि रविवारी आईला घेऊन सज्जनगडला जाऊन या. गाडी चांगली तापेल. पण आधी ब्रेक ऑइल, मग गड.

आईला सा. न.

तुमचा,
बाळू