‘चालकाचा ताबा सुटला’ असं लिहिण्याआधी

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

तुमचा पेपर आमच्या घरी वडलांच्या काळापासून येतोय, म्हणून जरा हक्कानं लिहायलोय. अपघाताच्या बातमीत एक ओळ ठरलेली असती, ‘चालकाचा गाडीवरील ताबा सुटल्याने’. गाडी पुलाला धडको, झाडाला धडको की ट्रकच्या मागं घुसो, ओळ तीच. वार्ताहरांना मी दोष देत नाही, रात्री उशिरा जेवढं कळतं तेवढंच त्यांच्या हातात असतं अन् सकाळी बातमी तर यायलाच पाहिजे. पण ती ओळ पुढं कुठं जाऊन बसती हे मी डोळ्यानं बघितलंय, ते तुम्हाला सांगायचंय.

२०२३ च्या डिसेंबरात माझ्या दाजींचा अपघात झाला. दाजी झेडपीच्या शाळेत मास्तर. लेकीला संभाजीनगरला होस्टेलवर सोडून सोलापूर हायवेनं गेवराईकडं एकटेच येत होते, अंधार पडायला लागला होता, पुढं उसाची ट्रॉली, मागं ना लाईट ना रेडियम, ती एकदम दिसली तसं दाजींनी स्टेअरिंग डावीकडं मारलं अन् गाडी सरळ समोरून पुलाच्या कठड्यावर आदळली. बेल्ट लावलेला होता. बोनेटची घडी झाली, इंजिन आत सरकलं, अन् एअरबॅग एकबी उघडली नाही. चार फासळ्या आणि जबडा. आज इतके दिवस झाले तरी त्यांना भाकर दुधात कुस्करूनच खावी लागती, अन् वर्गात मोठ्यानं कविता म्हणून दाखवायची त्यांची सवय होती ती बंद झाली.

पेपरात चार ओळी आल्या, ताबा सुटल्याने कार कठड्यावर धडकली, चालक जखमी. आम्हाला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही, माणूस वाचला हेच लई होतं. पुढं आम्ही ग्राहक आयोगात केस टाकली अन् कंपनीच्या वकिलानं जो जबाब दाखल केला त्याच्या मागं जोडलेल्या कागदांत त्या बातमीचं कात्रण निघालं, झेरॉक्स करून, ‘ताबा सुटल्याने’ या दोन शब्दांवर पिवळा मार्कर मारलेला. जबाबात लिहिलं होतं की अपघात तक्रारदाराच्या निष्काळजीपणामुळं झाला हे वृत्तपत्रातूनही स्पष्ट होतं. ज्या माणसानं ती बातमी टाइप केली त्याला माहीत तरी असेल का की आपण कुणाच्या बाजूनं साक्ष दिली?

अन् मला सांगा, ताबा सुटला असं घटकाभर धरलं, तरी एअरबॅग कशासाठी असती? ताबा राहिल्यावर तिची गरजच काय? हे मी माझ्या मनचं बोलत नाही. १९६८ साली अमेरिकेच्या अपील कोर्टात जनरल मोटर्स या गाडी कंपनीविरुद्ध एक केस झाली, समोरासमोर धडक झाली अन् स्टेअरिंगचा दांडा मागं येऊन ड्रायव्हरच्या डोक्यात बसला. कंपनीचं म्हणणं असं की गाडी रस्त्यावर चालवायसाठी बनवलीय, धडकायसाठी नाही, त्यामुळं धडकेत काय होतं याची जबाबदारी आमची नाही. कोर्टानं ते मान्य केलं नाही. रस्त्यावर गाड्या धडकणारच हे बनवणाऱ्याला आधीच माहीत असतं, मग धडक कुणाच्या का चुकीनं होईना, माणसाला त्यात कमीत कमी लागावं एवढी काळजी त्यानं डिझाइन करतानाच घ्यायला पाहिजे, असं कोर्ट म्हणालं. याला पन्नास वर्षं उलटून गेली अन् आमच्या केसमधल्या कंपनीच्या जबाबात अजून तेच जुनं उत्तर.

आता माझ्याबद्दल. मी १९ वर्षं वाळूजला एका व्हेंडर कंपनीत क्वालिटीला आहे, आम्ही गाड्यांचे पार्ट बनवतो. बजाज आलं तेव्हापासून वाळूज अन् पुढं स्कोडा आल्यावर शेंद्रा, आपल्या भागातल्या किती घरांची चूल याच धंद्यावर पेटती हे सांगायला नको, त्यामुळं गाडी कंपन्यांचा मी दुश्मन नाही. पण एक गोष्ट बाहेरच्या माणसाला माहीत नसती ती सांगतो. आमचा एखादा पार्ट खराब गेला की गाडी कंपनी आम्हाला चोवीस तासात उत्तर मागती, मग व्हाय-व्हाय करायचं, म्हणजे का झालं, ते का झालं, त्याच्याही मागं का, असं पाच वेळा खाली खाली जायचं. मी नवीन होतो तेव्हा एकदा बुश नावाच्या पार्टच्या एका लॉटमध्ये बर, म्हणजे कडेला धातूची खरखरीत धार, राहिली होती, मी रिपोर्टात कारण लिहिलं ‘ऑपरेटरची चूक’ अन् मेल पाठवून दिला. अर्ध्या तासात रिपोर्ट परत. कंपनीच्या साहेबानं फोनवर झाप झाप झापलं, म्हणाला ऑपरेटर एरर हे रूट कॉज, म्हणजे मूळ कारण, होतच नाही, माणूस चुकणारच, तो चुकला तरी खराब पार्ट पुढं जाणार नाही अशी सोय तुमच्या मशीनवर का नव्हती ते लिहा. पोका योके करा म्हणाला, म्हणजे चूक करायची म्हणली तरी होऊच नये अशी सोय, जसं उलटा पार्ट बसूच नये म्हणून पिन लावतात. तो बरोबर होता साहेब. तेव्हापासून मी कुठल्याच रिपोर्टात ऑपरेटरची चूक लिहिली नाही. मग जी कंपनी आमच्याकडून हे कारण घेत नाही ती माझ्या दाजींना तेच कारण कामून देती?

दाजींच्या गाडीचं अजून एक आहे. अपघाताच्या आधी दोन महिने डॅशबोर्डवरचा एअरबॅगचा लाल दिवा विझायचा बंद झाला होता. किल्ली फिरवली की तो लागतो अन् काही सेकंदात जातो, तो जातच नव्हता. दाजी सर्व्हिस सेंटरला घेऊन गेले, तिथं स्कॅनर लावला, गाडीनं नोंदवलेला फॉल्टचा कोड पुसून टाकला अन् जॉब कार्डवर लिहून दिलं ‘चेक्ड, ओके’. दिवा गेला. फॉल्ट गेला का नाही ते कुणी बघितलं नाही. असा दिवा स्टेअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग, म्हणजे एअरबॅगला करंट नेणारी गुंडाळलेली पट्टी, तुटली तरी लागतो, सीटखालचं पिवळं कनेक्टर ढिलं झालं तरी लागतो, यात नेमकं काय होतं ते तपासल्यावरच कळंल. पण जबाबात त्या जॉब कार्डचं नाव नाही. उलट लिहिलंय की ग्राहकानं बाहेरून सीट कव्हर बसवलं म्हणजे गाडीत बदल केला. ते सीट कव्हर शोरूममधूनच घेतलेलं होतं, गाडीच्या डिलिव्हरीच्या बिलात त्याची ओळ आहे, आम्ही बिलच जोडलं.

जनरल मोटर्सच्याच किल्लीच्या स्विचचं प्रकरण मी मोबाईलवर दोन रात्री जागून वाचलं. स्विचमधली स्प्रिंग ढिली, खड्ड्यात धक्का बसला किंवा किल्लीला जुडगा जड असला तर किल्ली आपोआप मागं फिरायची, चालत्या गाडीचं इंजिन बंद, स्टेअरिंग जड अन् एअरबॅगसुद्धा बंद. २०१० ला जॉर्जिया राज्यात पावसात एका तरुण नर्सचा असाच जीव गेला. आईबापानं केस केली, त्यांच्या वकिलानं इंजिनिअर लावला, त्यानं तिच्या गाडीतला स्विच अन् बाजारातून आणलेला नवा स्विच दोन्ही उघडून शेजारी शेजारी ठेवले तर आतली पिन अन् स्प्रिंग वेगळी. म्हणजे कंपनीनं मधेच डिझाइन सुधारलं होतं, पण पार्ट नंबर तोच ठेवला होता! आमच्या लाइनवर कुणाला विचारा, ड्रॉइंगमध्ये मिलिमीटरचा बदल झाला तरी रिव्हिजन नंबर बदलावा लागतो, नाहीतर ऑडिटमध्ये आमची चामडी निघती. ती केस २०१३ ला गुपचूप तडजोडीत मिटली, पण गोष्ट दबली नाही, २०१४ ला सव्वीस लाखाच्या आसपास गाड्या परत बोलवाव्या लागल्या, कंपनीच्या प्रमुख मेरी बारा यांना अमेरिकेच्या संसदेत जाऊन माफी मागावी लागली, नुकसानभरपाईच्या निधीतून १२४ मृत्यूंचे दावे मान्य झाले अन् २०१५ ला सरकारला ९० कोटी डॉलर भरावे लागले. स्विचची किंमत डॉलरभरसुद्धा नव्हती.

आमच्याकडंबी तडजोडीचा निरोप आला होता. पाच महिने ईमेलला उत्तर नव्हतं, भाच्यानं फेसबुकवर गाडीचा व्हिडिओ टाकला तर दुसऱ्या दिवशी फोन. गुडविल म्हणून नव्या गाडीवर सूट देतो, फक्त व्हिडिओ काढा अन् आमची काही तक्रार नाही असं लिहून द्या. दाजी म्हणाले मला गाडी नको, मला फक्त कारण सांगा. त्याच्यावर उत्तर नाही. पंधरा दिवसांनी गावात एक माणूस आला, स्टँडवरच्या हॉटेलात चहा घेत घेत विचारायला लागला की मास्तर घेतात का, कर्ज आहे का, घरात भांडणं आहेत का. गावानं त्याला काही सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं काही नव्हतंच, माळकरी माणूस आहे तो. पण ताईला हे कळल्यावर ती दोन दिवस जेवली नाही. १९६६ साली अमेरिकेत राल्फ नेडर या माणसानं गाड्यांच्या सुरक्षेवर बोट ठेवलं तेव्हा जनरल मोटर्सनं त्याच्यामागं असेच खासगी डिटेक्टिव्ह लावले होते. ते उघड झालं, कंपनीच्या अध्यक्षाला सिनेटसमोर माफी मागावी लागली, पुढं ४ लाख २५ हजार डॉलर देऊन नेडरशी तडजोड करावी लागली अन् १९६६ सालीच तिथं गाड्यांच्या सुरक्षेचा कायदा झाला.

दुसरी बाजूबी सांगतो. कधी कधी खरंच चालक चुकलेला असतो. १९८६ ला अमेरिकेत टीव्हीवर दाखवलं की ऑडीची गाडी आपोआप पळती, कंपनी म्हणाली तुम्ही ब्रेक सोडून अ‍ॅक्सिलरेटर दाबता. १९८९ ला सरकारी तपासणीत बरंचसं तसंच निघालं. पण तोवर १९८५ ला वर्षाला ७४ हजार गाड्या विकणारी कंपनी १९९१ पर्यंत बारा हजारांच्या आसपास आली होती, कारण ज्याच्या घरात अपघात झाला त्याला तू मूर्ख आहेस म्हणलेलं लोकांना पटलं नाही. अन् उपाय शेवटी गाडीतच निघाला, ब्रेकवर पाय ठेवल्याशिवाय गिअर पडूच नये असं लॉक, आज सगळ्या ऑटोमॅटिक गाड्यांना असतं. म्हणजे पोका योकेच की ते. मीडियाचीबी चूक होती, १९९२ ला एनबीसी चॅनेलनं जनरल मोटर्सच्या ट्रकची टाकी पेटती दाखवायला खाली आधीच पेटवायची सोय करून ठेवली होती, पुढं त्यांना टीव्हीवर माफी मागावी लागली. म्हणून तुम्ही कंपनीला झोडपा असं माझं म्हणणं नाही. ‘कार कठड्यावर धडकली, कारण समजू शकले नाही, एअरबॅग उघडल्या नव्हत्या’ एवढंच लिहा, जागा तेवढीच लागती.

आपल्याकडं कायदा बरा आहे, लोकांना माहीत नाही. २०१९ च्या ग्राहक कायद्यात सदोष वस्तूमुळं इजा झाली तर बनवणाऱ्यावर जबाबदारी टाकणारं एक सबंध प्रकरण आहे, तो २०२० च्या जुलैपासून लागू आहे. कंपनीचं ऑफिस चेन्नईला असो का गुरुग्रामला, केस आपण राहतो त्या जिल्ह्यात टाकता येती, वस्तूची किंमत ५ लाखापर्यंत असंल तर फी लागत नाही, मुदत २ वर्षांची. अन् सुप्रीम कोर्टानं २०२२ च्या एप्रिलमध्ये ह्युंदाईच्या क्रेटा गाडीच्या केसमध्ये निकाल दिलाय, २०१७ ला दिल्ली-पानिपत हायवेवरचा अपघात होता, एअरबॅग उघडल्या नाहीत. कोर्ट म्हणालं की ग्राहकानं एअरबॅग बघून गाडी घेतली, समोरून धडक झाली तर त्या उघडतील असंच तो धरून चालणार, वेग अन् बल यांचं गणित मांडायला तो काही फिजिक्सचा तज्ज्ञ नसतो. ३ लाख अन् गाडी बदलून द्यायचा आदेश कायम राहिला. आमच्या वकिलानं तो निकाल जोडलाय. शिवाय २०२१ च्या १ एप्रिलपासून रिकॉलचा, म्हणजे सदोष गाड्या परत बोलवायचा, नियम आहे, ७ वर्षांच्या आतल्या गाडीची तक्रार सरकारच्या वाहन पोर्टलवर टाकता येती, एका मॉडेलच्या तक्रारी ठराविक आकड्यावर गेल्या की सरकार चौकशी लावू शकतं. आमच्यासारखी तक्रार अजून कुणाकुणाची आहे हे तिथूनच कळणार.

पण सगळ्यात महत्त्वाचं, गाडी भंगारात देऊ नका. इन्शुरन्सवाले टोटल लॉस करून, म्हणजे दुरुस्तीच्या पलीकडं गेली असं ठरवून, गाडी उचलून न्यायच्या घाईत असतात, त्यांचं ते कामच आहे, पण ती गेली की पुरावा गेला. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगच्या मॉड्यूलमध्ये, म्हणजे ती उघडायचा हुकूम देणाऱ्या डबीत, धडकेच्या वेळचा डेटा राहतो, वेग किती, बेल्ट होता का, सिग्नल गेला का. आम्ही गाडी ठेवून घेतली, त्यापायी क्लेममधून सॅल्व्हेजचे, म्हणजे मोडक्या गाडीच्या किमतीचे, पैसे कापले गेले, ताईनं त्याच्यासाठी दोन तोळे मोडले.

गाडी आता दाजींच्या शेतातल्या आखाड्यावर लिंबाखाली उभी आहे, वरून ताडपत्री, दाराला कुलूप, बॅटरी काढलेली. दर अमावस्येला दाजी स्वतः जाऊन ताडपत्रीची दोरी बघून येतात. मॉड्यूल आयोगासमोर सील करून सरकारमान्य लॅबला द्यावं, कंपनीच्या एकट्याच्या हातात देऊ नये, असा आम्ही अर्ज केलाय, पुढच्या महिन्यात त्याच्यावर सुनावणी आहे. अर्ज मंजूर झाला तर मॉड्यूल काढायच्या दिवशी तुमचा वार्ताहर गेवराईला पाठवा. स्टँडवर उतरून मास्तरांचा आखाडा विचारला तरी कुणीबी आणून सोडील.

आपला,
वाळूज एमआयडीसीतला एक वाचक