त्या पुस्तकाचा दंड भरलेला आहे

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीत शहरातल्या महाविद्यालयांमधील भुताखेतांवर आपण पानभर लेख छापलात आणि सोमवारी सकाळपासून मला जुन्या मैत्रिणींचे फोन सुरू झाले. 'अगं, ही आपलीच ना?' एवढेच प्रत्येकीला विचारायचे होते. होय, ती आमचीच. ग्रंथालयाच्या मागच्या जिन्यावर रात्री दिसणारी, मुदत उलटून गेलेले पुस्तक परत करायला येणारी आणि काउंटर बंद पाहून रडत माघारी जाणारी जी मुलगी आपल्या वार्ताहराने एवढ्या रसाळपणे रंगवली आहे, ती वसतिगृहात माझी रूम पार्टनर होती. लेखासोबतच्या चित्रातला नक्षीदार जिना मात्र आमचा नव्हे. आमच्या जिन्याला सिमेंटच्या पायऱ्या आणि लोखंडी पाइपाचा कठडा आहे. आपला जिना बहुधा एखाद्या संस्थानिकाच्या वाड्यातून आणलेला असावा.

आपण महाविद्यालयाचे नाव छापलेले नाही. संस्थेची नाहक बदनामी होऊ नये ही आपली काळजी मी समजू शकते, आणि म्हणून मीही ते येथे लिहीत नाही. मुलीचे नाव, तिचा तालुका आणि ती कोणत्या वर्गात होती हे सारे मात्र आपण बिनदिक्कत छापलेत, कारण मेलेल्या मुलीला अब्रुनुकसानीचा दावा लावता येत नाही. तिचे भाऊ आजही त्याच गावात शेती करतात आणि त्यांच्या घरी वर्तमानपत्र येते, ही गोष्ट आपल्या वार्ताहराच्या ध्यानात आली नसावी.

लेखात म्हटल्याप्रमाणे तिने प्रेमभंगामुळे ग्रंथालयाच्या गच्चीवरून उडी मारली. प्रत्यक्षात ती काविळीने वारली, दिवाळीच्या सुटीत, स्वतःच्या घरी. त्या वर्षी पावसाळ्यात आमच्या वसतिगृहातल्या बऱ्याच मुलींना कावीळ झाली होती. गच्चीवरच्या टाकीचे झाकण मोडले होते, त्याच्या जागी पत्र्याचा तुकडा टाकून वर एक वीट ठेवलेली असे, आणि वाऱ्याने पत्रा सरकला की तो पुन्हा जागेवर ठेवणे हे कोणाचेच काम नव्हते. नळाला गढूळ पाणी येते अशी तक्रार घेऊन आम्ही रेक्टरबाईंकडे गेलो तेव्हा पाणी गाळून प्यावे असा सल्ला मिळाला. त्या दिवसापासून आम्ही नळाला रुमाल बांधू लागलो; संध्याकाळपर्यंत त्या रुमालात जे काही साचत असे त्याचे वर्णन, सकाळच्या चहाबरोबर वर्तमानपत्र वाचणाऱ्यांचा विचार करून, मी येथे करीत नाही. गाळल्याने गाळ जातो, कावीळ जात नाही, त्यासाठी पाणी उकळावे लागते, हे आम्हाला सांगायला कोणी आले नाही. तिचे डोळे पिवळे दिसू लागल्यावर तिची रवानगी घरी झाली. तेथे वैदूचे झाडपाल्याचे औषध सुरू झाले आणि तिला जिल्हा रुग्णालयात हलवायचे ठरले त्याच्या आदल्या रात्री ती गेली. प्रेमभंगाचे म्हणाल, तर घरून येणाऱ्या पैशांत महिना कसा काढायचा आणि इंग्रजीचा पेपर कसा सुटायचा या दोन काळज्यांतून तिला प्रेम करायला सवड मिळालीच नव्हती.

त्या पुस्तकाविषयी तर मला अधिकाराने बोलता येईल. सुटी संपल्यावर तिचे वडील एसटीने नाशिकला आले. तिची पत्र्याची ट्रंक आणि वळकटी मीच बांधून दिली. ट्रंकेत ग्रंथालयाचा शिक्का असलेले अर्थशास्त्राचे पुस्तक निघाले. 'ते मी परत करीन काका, तुम्ही निघा, गाडी चुकेल,' असे मी त्यांना परोपरीने सांगितले, पण पोरीच्या नावावर काही बाकी राहायला नको, एवढे बोलून ते स्वतः काउंटरवर गेले, दंड किती झाला ते विचारले, कनवटीचे पैसे मोजून दिले आणि पावतीची घडी करून टोपीत ठेवली. त्यानंतर वसतिगृहाच्या कार्यालयाने त्यांच्याकडून मेसची राहिलेली बाकीही वसूल केली. ज्या पाण्याने मुलगी गेली त्या पाण्यात शिजलेल्या जेवणाचे पैसे बापाने निमूटपणे भरले, आणि अशा घराच्या वाट्याला आता ही बुडीत पुस्तकाची भुताटकी आली आहे. पुढे मला त्याच ग्रंथालयात नोकरी लागली तेव्हा मी देवघेवीची जुनी वही मुद्दाम काढून पाहिली. तिच्या नावापुढे 'परत' असा स्पष्ट शेरा आहे. तेव्हा ती नेमके कोणते पुस्तक घेऊन येते, हे आपल्या वार्ताहराने पुढच्या भेटीत तिलाच विचारून घ्यावे.

असल्या गोष्टी महाविद्यालयांतच एवढ्या का पिकतात, याचा विचार लेखात कोठेच नाही. मी मात्र काउंटरमागे बसून ही एक गोष्ट वाढताना पाहिली आहे. पदवीचा विद्यार्थी तीन वर्षांत बाहेर पडतो. पहिल्या वर्षाला जो ती ऐकतो तोच तिसऱ्या वर्षाला ती सांगतो, आणि मूळ घटना ठाऊक असलेले माणूस तोवर समोर उरलेले नसते. गावात असे होत नाही. तेथे मेलेल्याचा चुलता, शेजारी, नाहीतर त्याला उसने पैसे दिलेला दुकानदार तरी जिवंत असतो आणि गोष्ट फार उधळली की तो तिला लगाम घालतो. आमच्याकडे साक्षीदार दर जूनला बदलतात. आमची ही मुलगी सुरुवातीला नुसती 'आजारी होऊन गेलेली' होती. काही वर्षांनी ती परीक्षेत नापास झाली. पुढे तिला एक मुलगा भेटला, त्या मुलाने दुसरीकडे लग्न केले, आणि उडी तर अगदी अलीकडची आहे. ज्या गच्चीवरून तिने उडी मारली असे आपण छापले आहे, ती गच्ची आणि तिच्याखालचा मजला ती गेल्यानंतर कितीतरी वर्षांनी बांधला गेला. त्या वाढीव बांधकामाच्या कोनशिलेवर साल कोरलेले आहे आणि ती कोनशिला मुख्य दरवाजाजवळ, कोणालाही दिसेल अशी आहे.

'विज्ञानाकडेही याचे उत्तर नाही' हे लेखातले वाक्य वाचून तर कीव आली. रात्री छातीवर कोणी बसल्यासारखे वाटते, खोलीत कोणीतरी उभे असल्याचा भास होतो, जाग असूनही हातपाय हलत नाहीत, असे जे अनुभव आपण विद्यार्थ्यांच्या तोंडून छापले आहेत, त्यांना वैद्यकात स्लीप पॅरालिसिस म्हणतात. स्वप्ने पडतात त्या झोपेत शरीराचे स्नायू शिथिल केलेले असतात. मेंदू जागा झाला आणि स्नायू अजून मोकळे झाले नाहीत, की हा प्रकार घडतो. निरनिराळ्या अभ्यासांचा एकत्रित आढावा 2011 साली प्रसिद्ध झाला, त्यानुसार सर्वसाधारण लोकांत आयुष्यात एकदा तरी हा अनुभव येणाऱ्यांचे प्रमाण 7.6 टक्के, तर विद्यार्थ्यांमध्ये ते 28.3 टक्के आहे. परीक्षेच्या दिवसांत चहावर रात्री काढणारी आणि पहाटे वेळी-अवेळी आडवी होणारी मुले हे पाहतील यात नवल नाही. इंग्लंडमध्ये व्हिक टँडी नावाच्या अभियंत्याला प्रयोगशाळेत रात्री काम करताना नजरेच्या कडेला करड्या रंगाची आकृती दिसली. पकडीत आवळलेले तलवारबाजीचे पाते आपोआप थरथरताना पाहून त्याने शोध घेतला, तेव्हा नव्याने बसवलेल्या पंख्यामुळे सुमारे 19 हर्ट्झचा, कानाला ऐकू न येणारा नाद खोलीत घुमत असल्याचे त्याला आढळले. 1998 साली त्याने त्यावर निबंध लिहिला. त्याच्या निष्कर्षाविषयी पुढे मतभेद झाले, पण त्याने निदान पंखा तरी तपासला. आपल्या वार्ताहराने रखवालदाराला चहा पाजला आणि लेख लिहून काढला.

आमच्या मागच्या जिन्यावर नाद वगैरे काही नाही, तेथे अंधार आहे. त्या जिन्यावर दिवा लावावा असे अर्ज मी नोकरीच्या काळात वर्षानुवर्षे केले, कारण संध्याकाळच्या वाचनकक्षातून निघणाऱ्या मुली त्याच वाटेने वसतिगृहाकडे जात. 'तिकडे कशाला दिवा, मॅडम, तिकडे तर ती असते,' असे उत्तर मला कार्यालयातल्या जबाबदार माणसाने हसत हसत दिलेले आहे. म्हणजे दिव्याचा खर्च वाचला, मुली अंधार पडायच्या आत खोलीत गेल्या म्हणून रेक्टरबाई निर्धास्त झाल्या आणि रखवालदाराला त्या बाजूला फेरी मारण्याची गरज उरली नाही. प्रेमभंगाने मेलेली मुलगी कोणाचीच जबाबदारी नसते. टाकीच्या पाण्याने मेलेली मुलगी कोणाची तरी असते, आणि म्हणूनच टाकी गोष्टीतून गळाली.

आपल्या लेखात परदेशी विद्यापीठांचे दाखले भरपूर आहेत, पण आपल्याकडचा मुंजा आपल्याला आठवला नाही. मुंज झालेला आणि सोडमुंज होण्याआधीच वारलेला तो बटू म्हणजे शिक्षण अर्धवट राहिलेला विद्यार्थीच की! त्याला आपल्या लोकांनी निदान पिंपळावर स्वतंत्र जागा दिली, त्याच्या माथी खोटे प्रेमप्रकरण मारले नाही. खरगपूरच्या आयआयटीचाही 'जुन्या तुरुंगातले आवाज' म्हणून दोन ओळींचा उल्लेख आहे. ही संस्था 1951 साली हिजलीच्या ज्या इमारतीत सुरू झाली, ती ब्रिटिशांची नजरकैद छावणी होती. 16 सप्टेंबर 1931 रोजी तेथे निःशस्त्र राजबंद्यांवर पोलिसांनी गोळीबार केला, त्यात संतोषकुमार मित्र आणि तारकेश्वर सेनगुप्त हे दोघे मारले गेले. जेथे मृतांची नावे छापायला हवी होती तेथे आपण 'आवाज' छापलेत, आणि जेथे नाव झाकायला हवे होते तेथे ते ठळक अक्षरांत दिलेत.

त्याच पुरवणीच्या मागच्या पानावर 'रुसलेले माणूस चोवीस तासांत परत, खात्रीशीर वशीकरण' अशी चौकट आहे. राज्यात जादूटोणाविरोधी कायदा 2013 पासून लागू आहे, त्याची बातमी आपणच पहिल्या पानावर दिली होती, हे जाहिरात विभागाला कोणीतरी कळवावे.

माझी मागणी एवढीच आहे की, येत्या रविवारी त्याच पानावर, त्याच आकारात खुलासा यावा, त्यात तिचे नाव पुन्हा छापले जाऊ नये आणि ती आजारपणाने गेली हे स्पष्ट लिहावे. तिच्या भावांकडे एखाद्याने प्रत्यक्ष जाऊन दिलगिरी व्यक्त केली तर अधिक बरे. पत्ता मी देईन, एसटीही आहे. जागेअभावी या पत्राला कात्री लावावी लागली तर मुंजा गेला तरी चालेल, टाकीचा मजकूर मात्र राहू द्यावा. मागच्या वर्षी आमच्या भागात घंटागाडी येत नाही असे मी कळवले होते, तेव्हा आपण पत्र छापलेत, पण नेमकी घंटागाडीच वगळलीत, आणि उरलेल्या मजकुरावरून मी शहराच्या स्वच्छतेचे कौतुक केले आहे असा सर्वांचा समज झाला. गाडी अजूनही येत नाही.

आपली,
एक निवृत्त सहायक ग्रंथपाल,
कॉलेज रोड, नाशिक
(नाव व पत्ता संपादकांच्या माहितीसाठी सोबत जोडला आहे. कृपया छापू नये.)