चि. मृण्मयीस पत्र

दांडिया बाजार, बडोदे

चि. मृण्मयीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू न जेवता मुंबईची गाडी गाठलीस आणि मी स्टेशनवर आलो नाही, याची टोचणी चार दिवस मनात आहे. पाटल्यांचा विषय पत्रात काढायचा नाही, असे ठरवून लिहायला बसलो आहे.

तुझ्या चित्रपटातली गाणी मुंबईच्या सरावलेल्या गायिकेकडून पुन्हा गाऊन घ्यावीत, हा तुझ्या सहकाऱ्यांचा सल्ला मला पटत नाही. काकूचे गाणे तू माजघरात ध्वनिमुद्रित केलेस, तेव्हा झोपाळ्याच्या कड्यांना मीच तेल घातले होते आणि कुकरही उतरवून ठेवला होता. तरी दुसऱ्या कडव्यात गल्लीतून भाजीवाल्याची हाक आलीच. काकूने त्या हाकेपुरता सूर लांबवला आणि मग पुढची ओळ धरली. ती जागा स्टुडिओच्या बंद खोलीत कुणाला सापडणार? बोलपटांच्या पहिल्या काही वर्षांत नटनटी कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात आणि वादक चौकटीबाहेर बसून साथ करीत. 'कुंकू'ला तर प्रभातने १९३७ साली पार्श्वसंगीतही दिले नव्हते. आपल्या घरातले गुजराती वळणाचे मराठी मी तुझ्याच चित्रपटात प्रथम ऐकले. ते पुसू नकोस.

पण कर्ज वेळेत फिटले नाही तर काय करशील? दादासाहेब फाळके आपल्याच बडोद्याच्या कलाभवनात शिकले, त्यांनी विम्याची पॉलिसी गहाण टाकली, सरस्वतीबाईंनी दागिने दिले, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक केला आणि १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आला, हे तू मला रविवारी ऐकवलेस. ते सारे खरे आहे. तरी त्याच फाळक्यांच्या अखेरच्या दिवसांतली ओढग्रस्तही विसरता येत नाही. माणसाने अंथरूण पाहून पाय पसरावेत, हातची नोकरी सोडण्यापूर्वी वर्षभराची शिल्लक बाजूला ठेवावी, तोंडी व्यवहार करू नयेत... पुन्हा तिथेच आलो. रागावू नकोस.

काकू गात होती ती ओवी तुझ्या आजीची. पहाटे दळताना तिच्या पाटल्या जात्याच्या खुंट्याला लागत, आणि त्या किणकिणीवर ती ओवी चाले; मी अंथरुणात पडून ऐकत असे. परवा तू ठेवून गेलेली चित्रफीत एकट्याने पाहिली. ओवी सुरू झाली तेव्हा उठून दार लावून घेतले. शेजाऱ्यांना मात्र संध्याकाळी आवर्जून सांगितले, की हे माझ्या मुलीने केले आहे.

काकूचा आवाज तसाच ठेव. गहाणाची पावती तुझ्या टेबलाच्या खणात सापडली, पण मुदतीची तारीख पुसट झाली आहे. ती तेवढी कळव. माझ्या मुदत ठेवीचे पैसे याच महिन्यात मिळायचे आहेत.

तुझा,
बाबा